उंदराला पास लागत नाही

पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख असलेल्या रँडची गोष्ट आपण सगळे शेवटापासून सांगतो. 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ आणि मग गोळ्या. 2020 च्या मार्चमध्ये, पुण्यात घरात कोंडून बसलो असताना, मला त्या गोष्टीचा आधीचा भाग सारखा आठवायचा. रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत शिरून नेमकं काय शोधत होते?

आठवायला कारण होतं. दोन्ही वेळी कायदा एकच होता. मुंबईत प्लेग हाताबाहेर गेल्यावर 4 फेब्रुवारी 1897 ला घाईघाईनं झालेला साथरोग कायदा, अवघ्या चार कलमांचा. 13 मार्च 2020 ला महाराष्ट्रानं तोच कपाटातून बाहेर काढला. (देशभराची टाळेबंदी दहा-अकरा दिवसांनी आली, ती मात्र 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली.) आणि दोन्ही वेळी भांडणही जवळपास एकच होतं: सरकारनं अती केलं, की उशिरा केलं, की केलं ते चुकीच्या माणसांच्या जिवावर केलं?

हे भांडण अजून मिटलेलं नाही. कुठल्याही लग्नात जेवणाच्या टेबलावर विषय काढून बघा. पण त्यात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. साथीतल्या प्रत्येक सरकारी हुकमाच्या पोटात, हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो याबद्दलचा एक अंदाज असतो. हुकूम कडक होता की मऊ, हे नंतर बघू. तो अंदाज बरोबर होता का, आणि चुकीचा ठरल्यावर हुकूम किती दिवसांनी बदलला?

सप्टेंबर 1896. मुंबईतली मांडवी, धान्याच्या गोदामांचा भाग. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी तिथे गाठीचा ताप पाहिला आणि हा ब्यूबॉनिक प्लेग आहे असं निदान केलं. प्लेगचा जंतू त्याच्या दोन वर्षं आधी, 1894 मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. म्हणजे चोर कोण ते ठाऊक होतं. तो घरात कुठून शिरतो, ते ठाऊक नव्हतं. तेव्हाच्या वैद्यकानं संशय घेतला तो माणसावर, त्याच्या कपड्यांवर, अंथरुणावर, ओलसर जमिनीवर, घाणीवर. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून जंतू आत जातो, असंही मानलं जाई. गोदामांत मेलेले उंदीर दिसत होते, नाही असं नाही. पण तेही बिचारे याच रोगाचे बळी, इतकंच.

अंदाज हा, म्हणून उपायही तसेच. आजारी माणूस उचलून इस्पितळात, घरचे लोक सेग्रिगेशन कॅम्पात. घराची कौलं उतरवून आत ऊन घ्यायचं, जमीन उकरायची, चुना फासायचा, कार्बोलिक या जंतुनाशकाचे फवारे मारायचे, अंथरुणं-पांघरुणं जाळायची. पुण्यात 13 मार्च 1897 पासून हे काम गोऱ्या फौजेकडे दिलं गेलं. तीनच दिवसांपूर्वी, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. शहर आधीच हादरलेलं होतं, त्यात बूट घातलेले सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात.

टिळकांचा विरोध उपायांना सरसकट नव्हता, हे आपण विसरतो. त्यांनी स्वतः पुण्यात प्लेगचं इस्पितळ उभं करायला पुढाकार घेतला आणि गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही सोडलं नाही. राग होता तो अंमलबजावणीतल्या अरेरावीवर. गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या वागण्याबद्दल तिथल्या वर्तमानपत्रात गंभीर आरोप केले, आणि परतल्यावर पुरावा उभा करता येईना म्हणून जाहीर माफी मागितली. रँडचा 3 जुलैला मृत्यू झाला, सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या मार्चमध्ये मुंबईत दंगल उसळली, तेव्हा कुठे सरकारनं हात सैल सोडला.

एवढं सगळं होऊन गेलं. पिसू अजून कुणाच्या डोक्यातही नव्हती.

कुणाच्याच, असं म्हणणं खरं तर अन्यायाचं होईल. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर तेव्हा हिंदुस्थानात होता. काही रुग्णांच्या पायावर त्याला बारीक फोड दिसले आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू. हा चाव्याचा डाग तर नसेल? 2 जून 1898 ला कराचीत त्यानं प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत तळाला वाळू, वाळूवर प्लेगनं आजारी उंदीर, त्याच्या अंगावर पिसवा. तो मरायला टेकल्यावर दुसरा धडधाकट उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच बरणीत टांगला. जाळीमुळे दोघांचा स्पर्श शक्य नव्हता, पण पिसवेला उडी मारायला आडकाठी नव्हती. पाच-सहा दिवसांत टांगलेला उंदीर प्लेगनं मेला. अंगावर पिसवा नसलेला आजारी उंदीर ठेवून बघितलं, तर शेजाऱ्याला काही झालं नाही.

इतका स्वच्छ प्रयोग शाळेच्या प्रयोगवहीतही सापडणार नाही. तरी तो मानला गेला नाही. इतरांनी करून पाहिला तेव्हा तसाच निकाल येईना, शिवाय उंदराची पिसू माणसाला चावतच नाही असा समज होता. सरकारी प्लेग कमिशननं आपल्या अहवालात सिमाँचं म्हणणं बाजूला सारलं. मग मुंबईत ग्लेन लिस्टन या डॉक्टरनं प्लेगनं मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदराच्याच पिसवा शोधून काढल्या, 1905 पासून नव्या संशोधन मंडळानं परळच्या प्रयोगशाळेत हजारो उंदीर आणि पिसवा तपासल्या, आणि सिमाँ बरोबर ठरला. सात-आठ वर्षं गेली. या साथीनं हिंदुस्थानात एकूण घेतलेले बळी एक कोटीच्या वर जातात.

पिसू नीट कळली की 1897 च्या सगळ्या उपायांकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडतात. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक, नाही तर माणूस. जंतूंनी पिसवेची अन्ननलिका तुंबवलेली असते, म्हणून ती भुकेनं परत परत चावते आणि दर वेळी जंतू जखमेत ओकते. गाठीच्या प्लेगचा रुग्ण शेजारच्याला रोग देतो असं सहसा होत नाही. जंतू फुफ्फुसात उतरला, तर मात्र खोकल्यातून देतो. म्हणजे सोजिरांनी ज्याला धरून नेलं, तो माणूस धोकादायक नव्हताच फारसा. धोका कौलांत, बिळात, धान्याच्या पोत्यामागे होता. जमिनीवर ओतलेल्या कार्बोलिकला पिसवेच्या पोटातल्या जंतूपर्यंत पोचायला वाट नव्हती.

पण घर रिकामं करणं, कौलं काढून ऊन आत घेणं, हे मात्र उपयोगाचं होतं. अपघातानं का होईना.

आणि हे गावोगावच्या लोकांना कमिशनच्या आधी कळलेलं होतं. माझी आजी साताऱ्याकडची. तिच्या बोलण्यात ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ‘पूर आला’ म्हटल्यासारखे यायचे. उंदीर पडले की गावाला कुलूप, आणि माणसं माळावर झोपड्या टाकून. उंदीर पडल्यापासून माणसं आजारी पडेपर्यंत साधारण दोन आठवडे मिळतात, हे शास्त्रज्ञांनी नंतर मोजून सांगितलं. त्या मुदतीत गाव सोडणं याहून चांगला उपाय त्या काळात नव्हता, एक हाफकिनची लस सोडली तर. त्या सुईपुढे दंड कुणी करायचा हा वेगळा प्रश्न.

आता 2020. उंदराला जिल्हाबंदीचा पास लागत नाही, म्हणून प्लेगवर लॉकडाऊन हा उपाय फोलच. कोरोना माणसाकडून माणसाकडे जातो, तिथे लॉकडाऊनला अर्थ आहे. आणि त्याची मोठी सोय अशी की रोग स्पर्शानं जातो, शिंतोड्यानं जातो की हवेतून, हे ठाऊक नसलं तरी तो चालतो, कारण तो सगळ्याच वाटा एकदम बंद करतो. नेमकी कुठली वाट हे कळलं नाही की माणूस सगळं गाव बंद करतो. माझ्या मते टाळेबंदी म्हणजे अज्ञानाची भरलेली किंमत. कधी कधी ती भरावी लागते.

काम झालं का? सरकारनं तेव्हा आकडा दिला होता: रुग्ण दुप्पट व्हायला टाळेबंदीआधी 3.4 दिवस लागत, 20 एप्रिलला 7.5 दिवस लागू लागले. 24 मार्चला देशात पाचशेच्या आसपास रुग्ण होते. तोच जुना वेग राहिला असता, तर 21 दिवसांत सहाहून जरा जास्त दुपटी, म्हणजे 36 हजारांच्या घरात. 14 एप्रिलला होते अकरा हजारांच्या आसपास. वेग मंदावला हे खरं. पण सगळं श्रेय टाळेबंदीचं असं म्हणता येत नाही. परदेशातून येणारी विमानं त्याआधीच बंद झाली होती, लोक घाबरून आपणहून घरी बसले होते, चाचण्याही मोजक्याच होत होत्या. आणि टाळेबंदी नसती तर काय झालं असतं, तो दुसरा भारत कुठल्या बरणीत टांगून बघायला मिळत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं 16 मार्चला ब्रिटनसाठी 5 लाख 10 हजार मृत्यूंचा आकडा दिला, तो ‘काहीच केलं नाही तर’ या अटीचा होता. नंतर लोकांनी ‘भाकीत चुकलं’ म्हणून त्यांची टर उडवली. अट वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. ‘घरी बसा’ या हुकमाच्या पोटातला अंदाज असा होता की प्रत्येकाला बसायला घर आहे, आणि घर म्हणजे सुरक्षित जागा. रात्री आठला घोषणा आणि बाराला बंद, या चार तासांत ज्यांचं घर हजार किलोमीटरवर होतं त्यांनी काय करायचं होतं? ते चालत निघाले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले.

आणि ज्यांना घर होतं? जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांच्या रक्तात विषाणूची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींत 16 टक्के. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. धारावीत घरोघर तपासणारी माणसं खरोखर राबली, ते कौतुक खोटं नव्हतं. पण आकडे बघा: टाळेबंदी पाळणारं शहर एकच, हुकूम एकच. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं आणि पन्नास घरांत एक संडास असला, की टाळेबंदी संपर्क तोडत नाही, तो आत कोंबते. मैदानं, बागा आणि समुद्रकिनारे मात्र बंद, जिथे हा विषाणू सगळ्यात कमी पसरतो.

तो हवेतून जातो हे उशिरा मानलं गेलं म्हणून. 28 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठणकावून सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून उलट सांगितलं. सिमाँपेक्षा त्यांचं नशीब बरं, नऊ-दहा महिन्यांतच, एप्रिल 2021 च्या अखेरीस, संघटनेनं आपल्या पानावरचा मजकूर बदलला. मधल्या काळात आपण काय करत होतो? बरेलीत घरी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. 1897 च्या कार्बोलिकचाच नातू तो. आमच्या घरी दुधाच्या पिशव्या साबणानं धुवून दोरीवर वाळत घातल्या जायच्या, आणि मीही घालायचो.

एप्रिल 2021 मध्येच राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आले. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये बटणांना बोट लागू नये म्हणून थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिका खोचून ठेवल्या होत्या, दर तासाला वॉचमन स्टीलचा दांडा सॅनिटायझरनं पुसायचा. मास्क हनुवटीवर घेऊन गप्पा मारत आम्ही चौघं सातव्या मजल्यावर जायचो. लिफ्टचा पंखा दिवाळीपासून बंद होता.