इंग्रज वसाहतकरी (उत्तर अमेरिका, सतरावे शतक)

सतराव्या शतकात इंग्लंड सोडून उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि वेस्ट इंडीज बेटांवर वस्तीसाठी गेलेले लोक. धर्मस्वातंत्र्यासाठी घरदार सोडणारे श्रद्धाळू ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. ती खोटी नाही, पण ती थोड्यांची आहे. बहुतेक जण पोटासाठी निघाले आणि त्यांतले पुष्कळसे विशीच्या आसपासचे, अविवाहित, प्रवासखर्चालाही महाग असलेले तरुण होते.

१५५० च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास होती. पुढच्या शंभर वर्षांत ती ५० लाखांवर गेली. जमीन मात्र तेवढीच राहिली. धान्य महागले, मजुरीत पूर्वीइतके धान्य येईना. अनेक गावांत जमीनदारांनी गायरानांना कुंपणे घालून मेंढ्या सोडल्या, तेव्हा तिथल्या चाऱ्या-सरपणावर संसार ओढणारी कुटुंबे उघड्यावर आली. १६२० च्या दशकात लोकरी कापडाचा धंदा बसला आणि विणकर बेकार झाले. वडिलोपार्जित जमीन बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे खात्यापित्या घरांतल्या धाकट्यांनाही स्वतःची वाट शोधावी लागे. बेकार तरुण आधी लंडन, ब्रिस्टल अशा बंदरांकडे जात. तिथेही काम मिळाले नाही की समोर जहाज उभे असेच.

जहाजाचे भाडे साधारण ६ पौंड, म्हणजे गरिबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतके होते. त्यावर निघालेला उपाय म्हणजे करारबद्ध चाकरी. भाडे मालक भरी आणि त्या बदल्यात नोकर चार ते सात वर्षे बिनपगारी राबे. अन्न, वस्त्र, निवारा मालकाकडे. कराराच्या दोन प्रती एकाच कागदावर लिहून तो दातेरी रेषेत कापत. दाते जुळले की करार खरा. मुदत संपेपर्यंत नोकराला मालकाच्या परवानगीविना लग्न करता येत नसे आणि मालकाला त्याची उरलेली मुदत दुसऱ्या मालकाला विकताही येई. व्हर्जिनिया व मेरिलंड या वसाहतींकडे गेलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक असे करारावर गेले. (एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून मॉरिशसला गेलेल्या मजुरांचे ‘गिरमिट’, म्हणजे मजुरीचा करार, याच जातीचे होते. त्या मजुरांत कोकणातले मराठी लोकही होते.)

या व्यवस्थेला जोर आला तो तंबाखूमुळे. १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीला सोन्याची आशा होती. ते मिळाले नाही. तंबाखू मात्र लंडनच्या बाजारात खपू लागली आणि तिला हात हवे होते. १६१८ पासून, जो कोणी एका माणसाचे भाडे भरील त्याला ५० एकर जमीन मिळू लागली. ही जमीन भाडे भरणाऱ्याची, राबायला आलेल्याची नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते. स्वतःच्या शेताचे स्वप्न पाहून निघालेल्यांपैकी अनेक जण हिवताप, हगवण आणि अतिश्रम यांनी मुदत संपण्याआधीच मेले. कंपनीच्या काळात ६,००० हून अधिक लोक व्हर्जिनियात गेले. १६२५ च्या मोजणीत जेमतेम १,२०० उरले होते.

सगळेच स्वखुशीने गेले असेही नाही. लंडनच्या रस्त्यांवरची शंभरेक अनाथ, भटकी मुले शहराच्या कारभाऱ्यांनी १६१८-१९ मध्ये व्हर्जिनियाला धाडली. पुढे, १७१८ च्या कायद्यानंतर, हजारो कैद्यांची रवानगी झाली.

धर्मासाठी निघालेल्यांचा इतिहास न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या वसाहतींचा आहे. इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेला एक गट १६०८ मध्ये हॉलंडला गेला आणि लायडन शहरात स्थिरावला. तिथे त्यांना उपासनेचे स्वातंत्र्य होते, तरी त्यांनी तेही शहर सोडले. त्यांचा पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड याने नोंदवलेली कारणे फार माणसासारखी आहेत: काबाडकष्टांनी आलेले अकाली म्हातारपण, कामाच्या ओझ्याखाली वाकलेली मुले, आणि त्या मुलांना वाईट वळण लागेल ही भीती. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजावरून अमेरिकेला निघालेल्या १०२ प्रवाशांपैकी निम्म्याच्या आसपास तर या पंथाचे नव्हतेच.

१६३० ते १६४० या दशकात सुमारे २०,००० लोक न्यू इंग्लंडला गेले. राजा पहिल्या चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केले होते आणि प्युरिटन, म्हणजे इंग्लंडचे चर्च अधिक शुद्ध व्हावे असे मानणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, धर्मोपदेशकांवर दडपण वाढत होते. हे लोक बायकामुलांसह, बरेचसे कारागीर, स्वतःचे भाडे भरून गेले. तरीही श्रद्धा आणि प्रपंच वेगळे काढता येत नाहीत. त्यांचा नेता जॉन विन्थ्रॉप निस्सीम प्युरिटन होता, पण त्याच सुमारास त्याचे उत्पन्न घटले होते आणि लंडनमधले पदही गेले होते. मेरिलंड (१६३४) कॅथलिकांसाठी आणि पेनसिल्व्हेनिया (१६८१) क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथासाठी आसरा ठरले. न्यू इंग्लंडकडचा ओघ मात्र १६४० नंतर आटला: मायदेशी राजाविरुद्ध पार्लमेंट उभे राहिले आणि काही जण तर लढायला परत गेले.

‘मोकळी जमीन’ हे सर्वांचे समान आकर्षण होते. ती मोकळी नव्हती. ‘मेफ्लॉवर’च्या प्रवाशांची प्लिमथ ही वस्ती पॅटक्सेट या गावाच्या जागेवर उभी राहिली. तिथली शेते आधीच साफ केलेली होती, कारण १६१६ ते १६१९ च्या साथीत ती कसणारे वांपानोआग या मूळ अमेरिकी जमातीचे लोक मरून गेले होते.