ईलिंगची म्हातारी आणि ब्रिस्टलचा पेंग्विन

२०२४ च्या नाताळात बीबीसीवर वॉलेस-ग्रोमिटचा, म्हणजे एक खटपट्या संशोधक आणि त्याचा कुत्रा या मातीच्या बाहुल्यांचा, नवा चित्रपट लागला आणि ३१ वर्षांनी तो पेंग्विन पडद्यावर परतला. फेदर्स मॅकग्रॉ. डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवला की कोंबडा, काढला की पेंग्विन, आणि दोन्ही वेशांत पक्का चोर. तोंडातून अवाक्षर नाही, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये या चित्रपटाने दोन बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्कार, पटकावले. आपल्याकडे मात्र असे चित्रपट ‘मुलांचं कार्टून’ म्हणून बाजूला सारले जातात. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या ईलिंग भागात ब्रिटिश विनोदी चित्रपटाची जी अस्सल परंपरा सुरू झाली, ती हाडामांसाच्या नटांपेक्षा मातीच्या बाहुल्यांनीच जास्त नीट सांभाळली. ते कसं, याची ही पार्श्वभूमी.

ईलिंग स्टुडिओ पश्चिम लंडनमध्ये. १९३८ मध्ये मायकेल बाल्कनने त्याची सूत्रं हाती घेतली. स्टुडिओ लहान. लेखक-दिग्दर्शकांची ठरलेली मंडळी एका गोल टेबलाभोवती बसून कथांचा कीस पाडायची आणि उरलेला वाद समोरच्या रेड लायन पबमध्ये जाऊन संपवायची. युद्धाच्या काळात इथे युद्धपट झाले. मग युद्ध संपलं, पण रेशन संपलं नाही. मांसावरचं शेवटचं नियंत्रण उठायला जुलै १९५४ उजाडला. युद्ध जिंकलेला देश पुढची नऊ वर्षं कुपनं घेऊन रांगेत उभा होता, आणि ईलिंगचा विनोद त्या रांगेत जन्मला.

‘पासपोर्ट टू पिम्लिको’ (१९४९) पाहिला की हे लगेच कळतं. लंडनच्या एका वस्तीत युद्धातला न फुटलेला बॉम्ब फुटतो, जमिनीखालून खजिना निघतो आणि सोबत एक जुनी सनद. त्या सनदेनुसार ही वस्ती इंग्लंडची नसून फ्रान्समधल्या बर्गंडी या जुन्या संस्थानाची! हे कळताच लोक पबमध्ये जमतात आणि रेशन कार्डं टराटरा फाडतात. सरकार नाकेबंदी करतं तेव्हा बाहेरचे लंडनकर तारेच्या कुंपणावरून खाण्याच्या वस्तू फेकतात. चित्रीकरण झालं ते पिम्लिकोत नव्हे, नदीपलीकडच्या लॅम्बेथमधल्या खऱ्या बॉम्बपडक्या जागेवर. चित्रपटाच्या सुरुवातीला श्रद्धांजली आहे, पुष्पचक्रासकट, आणि ती कुणा हुतात्म्याला नाही, कपड्यांच्या कुपनांना आहे. लेखक टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात राखीव पोलीस होता. नियम पाळायला लावणारा आणि ते वाकवणारा, दोघांनाही त्याने जवळून पाहिलं होतं. पुढे ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’साठी त्याला ऑस्कर मिळालं.

त्याच वर्षी ‘व्हिस्की गलोर’ आला. १९४१ मध्ये व्हिस्कीने भरलेलं एसएस पॉलिटिशियन हे जहाज स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ फुटलं होतं आणि बेटकऱ्यांनी बाटल्या पळवल्या होत्या. ही खरी घटना. त्यावर कॉम्प्टन मॅकेन्झीने कादंबरी लिहिली आणि शेजारच्या ‘बारा’ नावाच्या बेटावर जाऊन अलेक्झांडर मॅकेन्ड्रिकने चित्रपट काढला. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ही १९४९ चाच. त्यात अ‍ॅलेक गिनेस एकाच उमराव घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका करतो आणि एकेक करून मरतो. समीक्षक यालाच ईलिंगचं शिखर मानतात. रचना बिनतोड आहे हे मान्य, पण मला तो बर्फासारखा थंड वाटतो. ईलिंगचा खरा स्वभाव त्यात नाही. तो सापडतो लहान माणसांच्या लहानशा लबाडीत. सरकारी नियम, पोलीस, बँक हे सगळं आहे तसंच राहणार. त्यातल्या एखाद्या फटीतून चार दिवस मजा करून घ्यायची, आणि शेवटी कायदा सभ्यपणे परत येणार.

हा स्वभाव सगळ्यात नीट उतरला तो ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५). दिग्दर्शक मॅकेन्ड्रिकच. लेखक विल्यम रोज सांगायचा की ही गोष्ट त्याला स्वप्नात दिसली. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ, रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडावर, भिंती कललेलं एक घर. त्यात मिसेस विल्बरफोर्स ही विधवा म्हातारी एकटी राहते. दारात एक भाडेकरू उभा राहतो: प्रोफेसर मार्कस, म्हणजे पुढे आलेले खोटे दात लावलेला अ‍ॅलेक गिनेस. वादनाची तालीम करायची आहे म्हणून तो खोल्या घेतो, साथीदार गोळा करतो, ग्रामोफोनवर बोकेरिनीचं संगीत लावून ठेवतो आणि आत दरोड्याचा बेत शिजतो. लुटीची पेटी स्टेशनवरून घरी आणते ती म्हातारीच, तिला पत्ताही नसताना. पुढे निघण्याच्या घाईत चेलोची पेटी तिच्या दारात अडकते, हिसक्याने उघडते आणि नोटा बाहेर सांडतात. म्हातारी रागावते ती शाळेच्या बाईसारखी. पाच अट्टल गुन्हेगार तिच्या मैत्रिणींच्या चहापार्टीत कप हातात धरून निमूट बसतात, हा प्रसंग कितीही वेळा पाहिला तरी मला हसू आवरत नाही. तिला मारायचं कुणी, यासाठी ते चिठ्ठ्या टाकतात. पण मरतात ते स्वतःच, आणि प्रेतं पुलावरून मालगाडीच्या वाघिणींत पडत जातात. केटी जॉन्सनने ही भूमिका केली तेव्हा तिचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा तिलाच मिळाला.

त्याच वर्षी स्टुडिओची इमारत बीबीसीला विकली गेली. जाताना बाल्कनने भिंतीवर एक पाटी लावली. ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभावाचं दर्शन घडवणारे चित्रपट पाव शतकभर इथे तयार झाले, असा तिचा मजकूर.

‘द लेडीकिलर्स’च्या टोळीतला एक गुंड पीटर सेलर्स होता. तो तेव्हा रेडिओवर गाजत होता, ‘द गून शो’मुळे. १९५१ ते १९६० चाललेल्या या कार्यक्रमाचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन. त्याचा जन्म १९१८ चा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश लष्करात. त्यामुळे बालपण पुण्यात आणि मग रंगूनला गेलं. इंग्रजी विनोदात तर्काची पार ऐशीतैशी करणारा हा माणूस कॅन्टोन्मेंटमध्ये वाढला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. त्याच्यामुळे ब्रिटिश विनोदाला दुसरं वळण लागलं. गून शो ऐकत मोठी झालेली मुलं पुढे मॉन्टी पायथन हा विनोदी कंपू झाली. ५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर त्यांची मालिका सुरू झाली आणि तिथे टेरी गिलियमने जुन्या चित्रांची कात्रणं कापून, हलवून दोन प्रसंगांमधल्या फटी बुजवल्या. वरून धप्पकन पडणारं ते अवाढव्य पाऊल ब्रॉन्झिनोच्या सोळाव्या शतकातल्या चित्रातून कापलेलं आहे. ब्रिटिश विनोद आणि अ‍ॅनिमेशन एका ताटात जेवायला बसले ते खऱ्या अर्थाने इथे.

पायथनच्या चित्रपटांना पैसा मिळाला तो मात्र चित्रपटवाल्यांकडून नाही. १९७५ च्या ‘होली ग्रेल’मध्ये पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन या रॉक बँडचे पैसे होते, तरी घोडे परवडेनात, म्हणून सरदार नुसतेच उड्या मारत चालतात आणि मागचा नोकर नारळाच्या करवंट्या वाजवतो. ‘लाइफ ऑफ ब्रायन’मधून (१९७९) ईएमआय कंपनीने ऐन वेळी अंग काढलं तेव्हा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने स्वतःचा पैसा ओतला. मधल्या काळात १९५८ पासून ‘कॅरी ऑन’ मालिकेचे तीसेक चित्रपट निघाले आणि चालले. द्व्यर्थी विनोद, परिचारिका, घसरणाऱ्या विजारी. त्यांचे चाहते रागावतील, पण मला चारापलीकडे सोसले नाहीत.

अ‍ॅनिमेशनची गोष्ट वेगळ्या रुळावरून चालली होती आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं होतं. चित्रपटगृहात लागलेला पहिला मोठा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट म्हणजे हलास आणि बॅचलर या जोडप्याचा ‘अ‍ॅनिमल फार्म’ (१९५४). त्यात अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता हे पुढे उघड झालं. जॉर्ज ऑर्वेलच्या मूळ कादंबरीचा शेवटही बदललेला आहे: इथे प्राणी डुकरांविरुद्ध पुन्हा बंड करतात. १९६८ च्या ‘यलो सबमरीन’मध्ये रंगांची नुसती उधळण होती. मग १९७८ मध्ये ‘वॉटरशिप डाउन’ आला. सशांची गोष्ट, त्यात ‘यू’ प्रमाणपत्र, म्हणून आईबाप मुलांना घेऊन गेले आणि पडद्यावर रक्ताने माखलेले ससे पाहून मुलं हादरली. सेन्सॉरने त्याचं प्रमाणपत्र बदललं ते अगदी अलीकडे. डिस्नेसारखा कारखाना ब्रिटनमध्ये उभाच राहिला नाही. खरी हातोटी तयार होत होती टीव्हीच्या पाच-पाच मिनिटांच्या मालिकांमध्ये, बेताच्या पैशात. १९७६ च्या पॅडिंग्टन मालिकेत अस्वल तेवढं खरोखरचं बाहुलं होतं आणि आजूबाजूची माणसं कागदाची कापलेली. आजही ते बघायला गंमत वाटते.

याच टीव्हीच्या आसऱ्याने वॉलेस-ग्रोमिट बनवणारी आर्डमन ही कंपनी वाढली. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळासोबत्यांनी १९७२ मध्ये ती सुरू केली आणि १९७६ ला ब्रिस्टल गाठलं. पुढच्याच वर्षी बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात त्यांचा मॉर्फ हा प्लॅस्टिसिनचा तांबूस माणूस आला. १९८५ मध्ये निक पार्क त्यांच्यात सामील झाला, तो चित्रपट-शाळेत अर्धवट राहिलेली वॉलेस-ग्रोमिटची पहिली फिल्म सोबत घेऊनच. मूळचा प्रेस्टनचा हा मुलगा. वडील शेडमध्ये खटपटी करत बसणारे. वॉलेस कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

ग्रोमिट या कुत्र्याला आधी तोंड असणार होतं आणि तो बोलणारही होता. पहिल्या फिल्ममध्ये वॉलेस दार कापतो तेव्हा ते ग्रोमिटच्या पाठीवर ठेवलेलं असतं. त्या अडचणीच्या जागी हात घालून तोंड हलवणं जमेना. पार्कने नुसती भुवई हलवून पाहिली आणि काम झालं. तेव्हापासून ग्रोमिटला तोंड नाही. सेकंदाला २४ फ्रेम, बहुतेकदा दोन फ्रेमना एक ठेवण, म्हणजे एका सेकंदासाठी बाहुलं बारा वेळा हलवायचं. अशा कामात जे टाळता येईल ते टाळण्याकडेच कल असतो, आणि त्यातून मूकपटांच्या तोडीचा एक नट जन्माला आला.

पुढे जाण्याआधी ‘क्रीचर कम्फर्ट्स’चा (१९८९) उल्लेख करायलाच हवा. सामान्य माणसांना त्यांच्या राहत्या जागेबद्दल विचारायचं, उत्तरं टेप करायची आणि ते आवाज प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घालायचे. ब्राझीलहून आलेला एक विद्यार्थी थंडीबद्दल आणि अपुऱ्या जागेबद्दल तक्रार करतो, आणि पडद्यावर ती तक्रार पिंजऱ्यातलं एक मोठं रानमांजर करतं. पाच मिनिटांत एवढं बोचरं काही मी क्वचितच पाहिलंय. ऑस्करला पार्कच्या दोन फिल्म समोरासमोर होत्या. वॉलेस-ग्रोमिटची पहिली फिल्म हरली आणि ही जिंकली.

आता १९९३ ची ‘द राँग ट्राउझर्स’ घ्या. पैशाची चणचण म्हणून वॉलेस घरातली खोली भाड्याने देतो. दारात भाडेकरू उभा: पेंग्विन. तो ग्रोमिटची खोली बळकावतो, वॉलेसची मर्जी संपादन करतो, खोलीत रात्री-बेरात्री संगीत लावतो आणि यांत्रिक विजारीत झोपलेल्या वॉलेसकडूनच संग्रहालयातला हिरा चोरवतो. भोळा घरमालक, सभ्य भाडेकरू, नकळत चोरीत ओढला जाणारा यजमान, आणि रेल्वे. ‘द लेडीकिलर्स’चा सांगाडा जसाच्या तसा! शेवटी दिवाणखान्यातल्या खेळण्यातल्या आगगाडीवर पाठलाग होतो आणि ग्रोमिट धावत्या गाडीसमोर रूळ टाकत सुटतो. हे सगळं पार्कने ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण गल्ली तीच आहे. चहा तोच, चीज तेच. वॉलेसला आवाज देणारा पीटर सॅलिसही ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ या दीर्घकाळ चाललेल्या विनोदी मालिकेतला मुरलेला नट.

यश आलं तसं हॉलीवूडही आलं. ड्रीमवर्क्सच्या भागीदारीत ‘चिकन रन’ (२०००) झाला. युद्धकैद्यांच्या पलायनपटांची कोंबड्यांच्या खुराड्यात केलेली ही नक्कल स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे अशा फ्रेम-फ्रेमने हलवलेल्या बाहुल्यांच्या चित्रपटांत, कमाईचा विक्रम करून बसली. अमेरिकन कोंबडा त्यात कशासाठी आहे हे कुणालाही कळतं, तरी चित्रपट टिकतो. २००५ च्या ‘कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ला ऑस्कर मिळालं. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असतानाच, १० ऑक्टोबर २००५ ला, ब्रिस्टलमधल्या गोदामाला आग लागून जुनी बाहुली आणि सेट खाक झाले. पुढचा ‘फ्लश्ड अवे’ संगणकावर बनला, मला बेचव वाटला, आणि २००७ मध्ये भागीदारी मोडली. बरं झालं. त्यामुळेच ‘शॉन द शीप’ (२०१५) निघू शकला: दीड तासाचा चित्रपट आणि कळेल असा एकही संवाद नाही.

ईलिंगचा दुसरा वारस पॅडिंग्टन. मायकेल बाँडचं पहिलं पुस्तक १९५८ चं. अस्वलाच्या गळ्यातली चिठ्ठी आली ती युद्धकाळात लंडनबाहेर पाठवलेल्या मुलांच्या गळ्यांतून. ‘पॅडिंग्टन २’ (२०१७) मध्ये शेजारीपाजारी, चुकीच्या आरोपावरून तुरुंग, मुरंब्याने विरघळलेले कैदी आणि शेवटी वाफेच्या इंजिनांचा पाठलाग आहे. बाल्कनने तो डोळे मिटून मंजूर केला असता. फक्त आता मधोमध अस्वल लागतं. एवढा भाबडेपणा माणसाच्या चेहऱ्यावर आजच्या प्रेक्षकाला पचत नाही, आणि माझ्या मते परंपरा अ‍ॅनिमेशनकडे सरकण्याचं मुख्य कारण हेच.

दुसरं कारण मंडळींचं. ईलिंग विकल्यावर बाल्कनची माणसं पांगली. मॅकेन्ड्रिक अमेरिकेत गेला आणि पुढे, गंमत म्हणजे, डिस्नेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कॅलआर्ट्स संस्थेत चित्रपट शिकवू लागला. लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीचा ७५ टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे सोपवला, कुणा बड्या स्टुडिओने ती गिळू नये म्हणून. पेंग्विनचा नवा चित्रपट ब्रिटनबाहेर नेटफ्लिक्सने दाखवला, पण तो बनला ब्रिस्टलमध्येच, आणि त्यातला मोठा पाठलाग होतो तो कालव्यातल्या संथ बोटींतून.