‘माणसं ओळखता येतात’ म्हणजे मानसशास्त्राची तयारी झाली?

‘लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात, मग मानसशास्त्र सोपंच जाईल’ हा समज फार जुना आहे, आणि पहिल्याच परीक्षेत तो दगा देतो. हा गुण चांगलाच, पण प्रास्ताविक अभ्यासक्रम समुपदेशन शिकवत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय मोजमापावर उभा आहे. त्यात चेतापेशी, स्मृती, संवेदना, संशोधनपद्धती आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख येते.

गणिताची धास्ती मात्र नको. 2, 3, 3, 4, 18 या गुणांची सरासरी 6 येते, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) 3. एका 18 ने सरासरी वर ओढली, हे कळलं तर सुरुवातीपुरतं पुरेसं आहे.

खरी अडचण ओळखीच्या शब्दांची असते. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, असं कितीतरी जण लिहून येतात. गाडीत सीटबेल्टचा पट्टा लावला की इशाऱ्याचा आवाज थांबतो. त्रास थांबतो म्हणून पट्टा लावण्याची सवय वाढते. हे ऋण प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होतं, प्रबलनाने वाढतं, मग ते धन (काही हवंसं मिळणं) असो वा ऋण (काही नकोसं थांबणं).

तयारी तपासायची तर कोणत्याही प्रास्ताविक पुस्तकाची दहा पानं वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. नुसतं पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो, आठवतोच असं नाही. प्रत्येक संज्ञेला स्वतःचं एक उदाहरण देता आलं, तर बेलाशक नाव नोंदवा. नाही आलं, तर आधी दोन-तीन आठवडे असंच वाचन करा.