स्नोमोबाईल इंजिनातील क्रँककेस वायुवीजन आणि ओलावा

पिस्टन रिंगांमधून निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरलेले वायू बाहेर काढण्याच्या व्यवस्थेला क्रँककेस वायुवीजन म्हणतात. मोटारीच्या मालकाला तिची आठवणही सहसा होत नाही. बर्फावर धावणारी स्नोमोबाईल मात्र उणे २०-३० अंश सेल्सिअसमध्ये चालते. तेथे या वायूंतले पाणी ऑईलात मुरते, नळीत गोठते आणि वेळप्रसंगी इंजिनाचे सील फोडते. हा त्रास मुख्यतः फोर-स्ट्रोक इंजिनांचा आहे. यामाहाचे ९९८ घनसेंमी क्षमतेचे आरएक्स-१ हे मॉडेल २००३ च्या हंगामात आले. पुढे अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने धूर व आवाजावर मर्यादा घातल्या आणि फोर-स्ट्रोक यंत्रांचा वापर आणखी वाढला.

पाणी येते कुठून, याबद्दल बराच गैरसमज आहे. बर्फ आत शिरला असणार असे मालकाला वाटते, पण पाणी बहुतेक वेळा पेट्रोलमधूनच तयार झालेले असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी बाष्परूपात निर्माण होते. त्यातले बहुतेक एक्झॉस्टमधून जाते, पण थोडा भाग रिंगांजवळून खाली उतरतो. जळलेल्या वायूंचा दवबिंदू साधारण ५० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे क्रँककेसची भिंत, व्हॉल्व्ह कव्हर किंवा ऑईलची टाकी त्याहून थंड असेल, तर तिच्यावर पाणी धरणारच. हे पाणी ऑईलात घुसळले जाऊन पांढरट-पिवळा, मेयोनीजसारखा पायस, म्हणजे पाणी व ऑईलचे घट्ट मिश्रण, बनतो. त्याला वंगणाचा गुण फारसा नसतो. शिवाय ज्वलनातली नायट्रोजन ऑक्साइडे पाण्यात मिसळून आम्ल तयार होते आणि ते बेअरिंगच्या पृष्ठभागाला खाते.

यावर खरा उपाय उष्णता हाच आहे. ऑईल ९०-१०० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसेच राहिले, की पाणी वाफ होऊन ब्रीदरवाटे, म्हणजे क्रँककेसचे वायू बाहेर नेणाऱ्या वाटेने, निघून जाते. अडचण अशी की कूलंट तापले म्हणजे ऑईल तापले असे नसते. स्नोमोबाईलचे कूलंट ट्रॅकवरच्या (बर्फावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्यावरच्या) धातूच्या आच्छादनाखालील उष्णता-विनिमयकांतून फिरते आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांना थंड करतो. यंत्र जागेवर उभे ठेवून आयडलवर चालवले, तर बर्फ न मिळाल्याने कूलंट लवकर तापते, पण भार नसल्याने ऑईल कोमटच राहते. त्यामुळे ‘दहा मिनिटे चालू ठेवले, झाले’ ही सवय उलट ओलावा वाढवते. एकदा सुरू केले की भारावर निदान अर्धा तास सलग पळवावे. काश्मीरमधील गुलमर्गसारख्या ठिकाणी पर्यटकांना थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या मारून आणणाऱ्या यंत्रांत ओलावा साचण्याची शक्यता म्हणूनच जास्त. अशा यंत्राला दिवसातून एक तरी लांब फेरी द्यावी. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तर कितीही पळवले तरी इंजिन थंडच राहते. तो पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह गरम करून त्यावर छापलेल्या अंशांना उघडतो का, हे तपासता येते.

ऑईलचे झाकण उघडल्यावर खाली पांढरी साय दिसली, की पुष्कळजण हेड गॅस्केट (कूलंट ऑईलात जाऊ न देणारा इंजिनाच्या डोक्याखालचा सांधा) गेले असे समजून घाबरतात. झाकण हा इंजिनाचा सर्वांत थंड भाग असल्याने तेथे थोडा पायस असणे थंडीत नेहमीचेच आहे. डिपस्टिकच्या (ऑईलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) टोकावरचे ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल, तर काळजीचे कारण नाही. सगळेच ऑईल दुधाळ चहासारखे झाले आणि कूलंट घटू लागले, तर मात्र गॅस्केट किंवा पाण्याच्या पंपाचे सील पाहावे. संशय राहिल्यास विजेच्या शेगडीवर साधारण दीडशे अंशांना तापलेल्या पत्र्यावर ऑईलचे दोन थेंब टाकावेत. तडतड झाली तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवा आणि उघडी ज्योत मुळीच नको, कारण थंड सुरुवातींमुळे त्या ऑईलात पेट्रोलही उतरलेले असू शकते. पातळी आपोआप वाढलेली दिसणे व पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण.

ड्राय संप, म्हणजे ऑईल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनांत पातळी पाहण्यातच चूक होते. उभ्या यंत्रातले ऑईल टाकीतून हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपते, म्हणून थंड इंजिनाची डिपस्टिक कमी दाखवते. त्यावर भरवसा ठेवून ऑईल ओतले, की जास्तीचे ब्रीदरमधून एअरबॉक्समध्ये (इंजिनात जाणारी हवा घेणाऱ्या पेटीत) येते आणि दोष ब्रीदरला दिला जातो. इंजिन पूर्ण तापवून, थोडे आयडल करून, बंद केल्यावर पुस्तिकेत दिलेल्या वेळात पातळी पाहावी.

आता ब्रीदर नळी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या नियमांनुसार २००६ च्या मॉडेलपासून क्रँककेसचे वायू थेट बाहेर सोडता येत नाहीत. ते एअरबॉक्समधून परत इंजिनात जाळले जातात. ५० अंशांची संपृक्त हवा घनमीटरला सुमारे ८३ ग्रॅम बाष्प धरते आणि उणे २० अंशांची जेमतेम एक ग्रॅम. उरलेले सगळे नळीच्या भिंतीवर जमते आणि गोठते. बर्फाचे बूच सहसा नळी एअरबॉक्सला मिळते तेथे किंवा नळी झोळासारखी लोंबते तेथे तयार होते. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो. डिपस्टिक वर उचलली जाते, ड्राइव्ह क्लचमागच्या क्रँक सीलमधून ऑईल गळते, ते इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टवर उडते आणि बेल्ट घसरू लागतो. बेल्टची तक्रार घेऊन आलेल्या यंत्रात आधी नळी पाहावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

अशा वेळी इंजिन रेटून चालवू नये. यंत्र उबदार शेडमध्ये घेऊन नळी वितळवावी, एअरबॉक्सकडचे टोक काढून फुंकून पाहावे आणि एअरबॉक्सच्या तळाचे पाणी-ऑईल काढून टाकावे. पुन्हा बसवताना नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, इंजिनाकडे सतत उतार द्यावा आणि तिच्यावर बंद छिद्रांच्या फोमचे वेष्टन चढवावे. मध्ये ऑईल जमा करणारा डबा बसवण्याची टूम गाड्यांच्या शौकिनांकडून आली आहे. थंडीत ती घातकच ठरते, कारण तो थंड डबाच आधी गोठतो. नळीचे टोक बाहेर सोडणेही नियमाविरुद्ध आहे आणि त्या टोकात बर्फ भरतो तो वेगळाच. उलटल्यावर ऑईल सांडू नये म्हणून काही इंजिनांच्या ब्रीदरमध्ये झडप असते. ती चिकटली तरी लक्षणे हीच दिसतात.

सर्वांत गंभीर धोका पुढच्या टप्प्यावर असतो. ब्रीदरमधले बाष्प एअरबॉक्समधून थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या, पाकळीवर गोठले, तर सोडलेला थ्रॉटल परत बंद होत नाही. म्हणून अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत थ्रॉटल बॉडीभोवती कूलंट फिरवतात. ती नळी दुरुस्तीच्या वेळी वगळून टाकू नये. निघण्यापूर्वी थ्रॉटल मोकळा परततो का आणि इंजिन तत्काळ बंद करणारा किल स्विच व चालक पडल्यास तेच करणारी टेदर दोरी काम करते का, हे हाताने पाहावे.

उन्हाळ्यासाठी यंत्र ठेवताना ऑईल व फिल्टर आधी बदलावे, कारण आम्ल झालेले ऑईल सहा महिने बेअरिंगांवर तसेच राहू देण्यात अर्थ नाही. मधूनमधून पाच मिनिटे सुरू करण्याने नवे पाणीच आत जाते.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमधूनच ताजे मिश्रण जाते, त्यामुळे ब्रीदर नसतो. तेथे ओलाव्याचा त्रास साठवणीत होतो. थंड क्रँककेसवर दव धरून मुख्य बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि पुढच्या हंगामात तेच बेअरिंग आवाज करू लागते. यावर फॉगिंग करतात. आयडलवर चालू इंजिनाच्या प्रत्येक इनटेकमध्ये साठवण ऑईलचा फवारा दाट धूर येईपर्यंत मारायचा, इंजिन बंद करून प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑईल घालायचे आणि प्रज्वलन बंद ठेवून इंजिन सुरू करण्याची दोरी सावकाश दोन-चार वेळा ओढायची. रोटॅक्स कंपनीच्या ई-टेक या टू-स्ट्रोक इंजिनांत ही साठवण प्रक्रिया इंजिनाच्या संगणकातूनच करता येते.