मधपेटीतला कोळी: नुसतं बघून कळत नाही, मोजावा लागतो

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात डाळिंब फुलावर आलं की बरेच जण बागेत मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळायच्या परदेशी मधमाशीच्या पेट्या ठेवतात, कुणी भाड्याने आणतं कुणाच्या घरच्या असतात. माश्यांसाठी पाणी ठेवतात, फवारणी जपून करतात, पण पेटीत कोळी, म्हणजे माश्यांवर जगणारा बारीक कीटकासारखा जीव, किती झालाय ते मोजायचं राहून जातं आणि पेट्या खचतात त्या इथेच.

व्हरोआ हा कोळी तांबूस, चपटा, जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. डोळ्याला दिसण्याइतका आहे, पण समोर येत नाही. पिल्लावळ भरात असते तेव्हा निम्म्याहून जास्त कोळी झाकण लावलेल्या घरांत कोषावर बसून अंडी घालत असतात, अन् जे माशीवर असतात ते पोटाखालच्या पट्ट्यांच्या फटीत शिरलेले. माशीचं रक्त पितो असं आधी मानायचे, २०१९ च्या संशोधनात दिसलं की तो मुख्यतः तिच्या शरीरातली चरबी खातो, आणि प्रतिकारशक्तीचं बरंचसं काम त्या चरबीवरच चालतं. वर पंख वाकडे करणारा विषाणूही पसरवतो. चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दारात रांगताना दिसल्या तर समजा बराच उशीर झालाय.

मोजायला पिठीसाखर पुरते. अळ्या असलेल्या फ्रेमवरच्या माश्या घ्यायच्या, राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा, अर्धा कप म्हणजे साधारण ३०० माश्या. बरणीत टाकून तोंडाला जाळी लावा, दोन मोठे चमचे पिठीसाखर घाला, मिनिटभर बरणी हळू फिरवा, दोन मिनिटं तशीच ठेवा. साखरेने कोळ्याची पकड सुटते. मग पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटात बरणी उपडी धरून जोरात हलवा, साखर विरघळते आणि तांबूस ठिपके वर राहतात. आकड्याला ३ ने भागा. शंभर माश्यांमागे दोन-तीनच्या वर गेलं की उपाय करायलाच हवा. माश्या जिवंत राहतात, पेटीत परत सोडायच्या.

पण आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. आग्या मोहोळावरचा ट्रोपिलेलॅप्स नावाचा कोळी मेलिफेराच्या पेटीत पण येतो, तो लांबट, मिलिमीटरपेक्षा छोटा आणि फ्रेमवर सुसाट पळतो. पूर्ण वाढलेल्या माशीवर त्याला खाता येत नाही म्हणून तो सगळा अळ्या-कोषांत, साखरेत सापडणार कसा? त्यासाठी माश्या झटकून फ्रेम पांढऱ्या ट्रेवर आपटा आणि काय पळतंय ते बघा, शिवाय काही बंद घरं, खासकरून नरांची, चिमट्याने उघडून कोष तपासा.

कोळी सापडला म्हणून डाळिंबावर मारायचं कोळीनाशक पेटीत अजिबात वापरू नका! पेटीसाठी फॉर्मिक अॅसिड, थायमॉल असे वेगळे उपाय आहेत, ते जाणकाराला विचारून, विकायचा मध काढून घेतल्यावर करायचे. आणि उपचार संपल्यावर पुन्हा साखर घेऊन मोजा, आकडा खाली आला नसेल तर औषध लागू पडलेलं नाही.