समुद्रातल्या टर्बाइनचा खरा वैरी

माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या विनाशिका गॅस टर्बाइनच्या बळावर धावतात. टर्बाइनमधला वायू जितका तप्त, तितकं कमी इंधनात जास्त काम होतं. पण पात्यांसाठी वापरतात ते निकेलचे मिश्रधातू साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतात. म्हणून पात्यांच्या आतून हवा खेळवतात आणि बाहेरून झिर्कोनिया या सिरॅमिकचा, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा लेप देतात. त्यात वजनाने ७-८ टक्के इट्रिया (इट्रियम या धातूचं ऑक्साइड) मिसळलेला असतो.

समुद्रावर मात्र गाठ मिठाशी असते. हवेतून आलेलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट तयार होतं, ते ८८४ अंशांना वितळतं आणि धातूवरचं संरक्षक ऑक्साइड विरघळवतं. इंधन अगदी शुद्ध घेतलं तरी सुटका नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुळातच असतं. हवेच्या गाळण्यांनी मीठ कमी होतं, संपत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती १९७० च्या दशकात लक्षात आलेली गोष्ट. जहाज संथ चालत असताना पाती जेमतेम ७०० अंशांवर असतात, तरीही ती खोल खड्डे पडून खराब होत होती. पात्यांवरच्या धातूच्या लेपातलं कोबाल्ट सल्फेट बनून सोडियम सल्फेटमध्ये मिसळत होतं, आणि हे मिश्रण ५६५ अंशांनाच वितळतं! इंजिन थंड ठेवणं हा बचाव नव्हता.

मग सिरॅमिक वापरून प्रश्न सुटतो का? सच्छिद्र लेपात वितळलेलं मीठ झिरपतं. हलक्या प्रतीच्या इंधनात व्हॅनेडियम असेल, तर ते झिर्कोनियातला इट्रिया ओढून घेतं. इट्रिया गेला की थंड होताना झिर्कोनियाची स्फटिकरचना बदलते, आकारमान सुमारे ४ टक्के वाढतं आणि लेपाचे पापुद्रे निघतात. यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत इट्रियाऐवजी स्कँडिया (स्कँडियम या धातूचं ऑक्साइड) वापरून पाहिला गेला. तो व्हॅनेडियमपुढे जास्त तग धरतो, पण फार महाग आहे.

दुसरी वाट म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेलं सिलिकॉन कार्बाइड. ते धातूपेक्षा कितीतरी हलकं असतं आणि विमानाच्या इंजिनांत आलेलंही आहे. त्याचं रक्षण करतो सिलिकाचा पातळ थर. पण ज्वलनातली वाफ तो थर हळूहळू उडवून नेते आणि सोडियम त्याचा सहज वितळणारा सिलिकेट बनवतो. त्यामुळे या सिरॅमिकवरही यटर्बियम सिलिकेटसारखा आणखी एक लेप द्यावा लागतो. म्हणूनच कोरड्या भट्टीतल्या चाचणीवर जहाजाच्या पात्याची निवड करू नये, असं मला ठामपणे वाटतं. ज्वालेत मीठ फवारून, पुन्हा पुन्हा तापवून आणि निववून जो लेप टिकतो, तोच जहाजावर न्यावा.