क्लिंगॉनच्या कपाळावरच्या आठ्या

पुण्यात ज्यांनी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी अंतराळमालिका पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोरचा क्लिंगॉन, म्हणजे तिच्यातल्या परग्रहावरच्या लढवय्या जमातीचा माणूस, म्हणजे चेहरा रंगवलेला, जाड भुवयांचा, दाढीमिशावाला माणूस. केबल आल्यावर त्याच घरातल्या धाकट्यांनी पाहिलेल्या क्लिंगॉनला मात्र कपाळापासून टाळूपर्यंत हाडांचे उंचवटे होते. दोघंही बरोबर आहेत. या जमातीचं रूप कथेतल्या कारणाने बदललं नाही, रंगभूषेच्या खोलीतल्या हिशेबाने बदललं.

क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले मार्च १९६७मध्ये. एका भागाचं चित्रीकरण साधारण सहा दिवसांत उरकायचं, पैसा बेताचा. कोर या सेनापतीची भूमिका करणारे जॉन कोलिकोस यांनी चंगीझ खानाच्या वळणाचा चेहरा सुचवला आणि रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांनी तो उभा केला. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत एकांकिकेचा राक्षस तयार होतो तसाच हा मामला: गडद रंग, क्रेपची दाढी, ती चिकटवायला स्पिरिट गम. काटकसर इतकी की, १९६६मध्ये रोम्युलन ही टोकदार कानांची दुसरी परग्रही जमात आणली तेव्हा मागच्या रांगेतल्या नटांना शिरस्त्राणं घातली, म्हणजे प्रत्येकाला टोकदार कान चिकटवायला नकोत.

१९७९च्या पहिल्या चित्रपटात पैसा आला आणि क्लिंगॉनच्या डोक्यावरून पाठीच्या कण्यासारखा एक उंचवटा धावू लागला. असं कपाळ फोम लेटेक्सचं करतात. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत उंचवटे घडवायचे, त्याचा उलटा साचा काढायचा, मग फेसाळलेलं लेटेक्स त्यात ओतून भट्टीत मंद आचेवर भाजायचं. खरी परीक्षा कडांची. त्या कागदाहून पातळ हव्यात, नाहीतर जोड कॅमेऱ्यात उठून दिसतो. पातळ असल्यामुळेच काढताना त्या फाटतात, म्हणून एक तुकडा एकदाच वापरता येतो. नटाला घाम आला की कडा सुटायला लागतात. दर आठवड्याच्या मालिकेला १९६७मध्ये हे झेपणारं नव्हतंच.

१९८७पासूनच्या मालिकेत मायकेल वेस्टमोर यांनी हे काम नेमाने चालवलं. तरीही तिच्यातला क्लिंगॉन नायक-अधिकारी वर्फ याचं कपाळ पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये सारखं नाही. १९९१च्या चित्रपटात तर क्लिंगॉनचं रक्तच गुलाबी झालं, कारण लाल रक्त उडताना दिसलं असतं तर चित्रपटाला कडक प्रमाणपत्र मिळण्याची भीती होती. त्याच काळातल्या मालिकेत ते लाल होतं.

स्वभावाचंही तेच. १९६७चे क्लिंगॉन कावेबाज साम्राज्यवादी होते, शीतयुद्धाची सावली त्यांच्यावर स्पष्ट दिसते. मान आणि कर्तव्य यांची भाषा तेव्हा रोम्युलनांच्या तोंडी होती. पुढे वर्फभोवती कथा रचताना, विशेषतः रोनाल्ड मूर यांच्या लेखणीतून, घराण्याची अब्रू हा क्लिंगॉनांचा कणा झाला आणि रोम्युलन कपटी ठरले. माझ्या मते कपाळापेक्षा ही अदलाबदल मोठी आहे, पण तिच्याबद्दल कोणी फारसं भांडत नाही. कपाळ दिसतं ना!

अडचण उघडी पडली १९९६मध्ये. तिसाव्या वर्षानिमित्त नव्या मालिकेतली पात्रं डिसेंबर १९६७च्या एका भागाच्या मूळ फिल्ममध्ये मिसळण्यात आली. आता वर्फ आणि गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन एकाच खोलीत. जुन्या फिल्ममधलं प्रत्येक कपाळ बदलणं व्यवहार्य नव्हतं, म्हणून लेखकांनी विनोदाचा आसरा घेतला. सोबत्यांनी विचारल्यावर वर्फ एवढंच सांगतो की, हा विषय आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. आजवरचं सर्वांत चोख उत्तर हेच.

पण २००५मध्ये पुन्हा खुलासा झाला, तोही सलग दोन भागांत. कथेतलं वर्ष २१५४. क्लिंगॉन शास्त्रज्ञ जनुकबदल केलेल्या मानवांचा डीएनए वापरून बलाढ्य सैनिक घडवू पाहतात. त्यांच्यातल्या एकाला फ्लू असतो, दोन्हींची सरमिसळ होऊन साथ पसरते आणि मानवांच्या जहाजावरचा डॉ. फ्लॉक्स जो उपाय काढतो त्यात रोगी वाचतात, उंचवटे जातात. पुढच्या पिढीतही ते येणार नाहीत. छान जमलं, पण १९९४मध्येच कोर, कोलोथ आणि कांग हे मूळ मालिकेतले तिघं क्लिंगॉन, तेच मूळ नट घेऊन, उंचवट्यांसह दाखवून झाले होते. त्यासाठी शेवटी एक क्लिंगॉन वैद्य कवटीच्या शस्त्रक्रियेकडे वळण्याची भाषा करतो. म्हणजे ठिगळावर ठिगळ.

२०१७च्या मालिकेने केसच काढून टाकले आणि कवटी लांबवली. चाहते भडकले. २०१९मध्ये केस परतले. कारण काय, तर युद्धकाळात मुंडण केलं होतं. २०२३मध्ये पडद्यावर आलेले क्लिंगॉन पुन्हा वेस्टमोर यांच्या घडणीजवळचे होते आणि यावेळी खुलाशाच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

‘स्टार ट्रेक’मधल्याच ट्रिल जमातीला हा ताप झालाच नाही. १९९१मध्ये त्यांना कपाळावर चिकटवलेला उंचवटा होता. १९९३च्या मालिकेत ट्रिलची भूमिका करणाऱ्या टेरी फॅरेल यांच्यावर तो लावून पाहिला, चेहरा झाकला जातो म्हणून काढला आणि कपाळाच्या कडेने मानेपर्यंत ठिपके रंगवले. ते ठिपकेही आदल्या वर्षी दुसऱ्याच एका जमातीच्या पात्रासाठी वापरलेले होते.